जांभळीखालचे गवत

एका जंगलाच्या काठावर जुनी, दाट जांभूळ होती आणि तिच्या बुंध्याशी एक सशीण राहत असे. आधी तिचे घर उघड्या माळावर होते. तिथे ऊन होते, मऊ हरळी होती, पण वर आकाशात घारही होती. मुलांनो, आपल्याकडचे ससे बीळ खणत नाहीत. पिल्ले गवतातच लपवतात. माळावरचे गवत आखूड, म्हणून एका सकाळी घारीने तिची पिल्ले उचलून नेली. बिचारी खूप रडली आणि तो माळ सोडून सावलीत राहायला आली.

जांभळीखाली घारीचे भय नव्हते, पण जमीन अगदी उघडी होती. आता पुन्हा पिल्ले होणार, त्यांना लपवायचे कुठे, ही काळजी तिला लागली. तिने माळावरून हरळीची मुळे तोंडात धरून आणली आणि माती उकरून लावली. माळावरच्या सशांची एक रीत असते : गवताचे शेंडे रोज कुरतडायचे, म्हणजे ते अधिक दाट फुटते. तिने इथेही रोज कुरतडले. मधूनच दुसरे काही उगवले, तर तेही खाऊन टाकले. हरळी आधी पिवळी पडली, मग दिसेनाशी झाली. "या मेल्या सावलीनेच माझं गवत गिळलं!" ती म्हणाली. नाचता येईना, अंगण वाकडे!

रागाच्या भरात तिने म्हाताऱ्या साळिंदराला बोलावले. "काका, या झाडाची साल सोलून टाका. झाड वाळलं की ऊन येईल."

"माझे दात अजून बळकट आहेत," साळिंदर म्हणाले. "पण सोललेलं झाड पुन्हा हिरवं होत नाही, पोरी. पक्कं ठरवलंस ना?"

फांदीवरची खार घाबरून ओरडली, "अगं, मग मी राहू कुठे?" सशिणीने तिच्याकडे पाहिलेही नाही. साळिंदर बुंध्याशी गेले, तेवढ्यात वर घारीची शीळ घुमली. सशीण होती तिथेच जमिनीला चिकटली. घार झाडावर घिरट्या घालत राहिली, पण तिला पानांखेरीज काही दिसेना. शेवटी ती माळाकडे निघून गेली.

सशीण उठून साळिंदराच्या आडवी आली. "राहू द्या, काका," ती हळूच म्हणाली. "या जांभळीमुळेच तर मी वाचले."

खार खाली उतरली. "तुला गवतच हवंय ना? मग त्या करवंदीच्या जाळीत बघ." तिथेही सावली तेवढीच होती. तरी काट्यांच्या आत रुंद पात्यांचे, गर्द हिरवे गवत चांगले वाढले होते. सशीण बघतच राहिली. हरळीच्या मधून उगवलेले जे ती खाऊन टाकत होती, ते हेच गवत! इथे काट्यांमुळे तिचे तोंड पोहोचले नव्हते, एवढेच. सावलीत ऊन थोडे येते. ते धरायला गवताला लांब पाती लागतात, आणि ती तर पातीच तोडत होती. तिला स्वतःची फार लाज वाटली.

त्या दिवसापासून ती चरायला लांब, माळाच्या कडेला जाऊ लागली. पोटाला चिमटा बसला, तरी जांभळीखालच्या एका पात्यालाही तिने दात लावला नाही. कोंबांवर पडलेला पाला ती बाजूला सारी आणि येता-जाता एकाच वाटेने चाले. पाऊस झाला आणि गवत वीतभर वाढले. त्यातच तिची पिल्ले जन्मली. एकदा कोल्हा हुंगत अगदी जवळून गेला, पण त्याला काही दिसले नाही.

तो गेल्यावर एका पिल्लाने समोरच्या कोवळ्या पात्याला तोंड लावले. आईने पंजाने त्याला अलगद मागे ओढले. "हे नाही खायचं, बाळा," ती म्हणाली. "हे आपलं घर आहे."

तात्पर्य : जिथे राहतो तिथे जे रुजते तेच जपावे, आणि काही उगवत नाही म्हणून सावलीला बोल लावण्याआधी आपले दात कुठे चालतात ते पाहावे.