मेणाचा डावा पाय

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि तीही पोलंड देशातली. नावं ऐकून तोंडं वाकडी करू नका, दोनच लक्षात ठेवायची आहेत. गावाचं नाव यास्नोलिपे आणि बाईचं नाव अपोलोनिया. एवढं जमेल ना?

या यास्नोलिप्याच्या टेकडीवर मरियामातेचं चर्च होतं आणि दर ऑगस्टात तिथं मोठी जत्रा भरायची. आपल्याकडे वांद्र्याच्या मोतमाउलीला लोक मेणाचे हातपाय वाहतात ना, अगदी तसंच तिथंही. ज्याचा हात दुखतो त्यानं मेणाचा हात वाहायचा, ज्याची नजर अधू त्यानं मेणाचे डोळे. ते माउलीपुढच्या दोरीला टांगायचे आणि पुढच्या जत्रेपर्यंत वर्षभर तसेच राहू द्यायचे. टांगलेला नवस त्याआधी खाली आला, तर माउलीनं तो नाकारला, असं तिथं सगळे मानत.

हे अवयव ओतायची ती अपोलोनिया. तिच्या मेणाच्या बोटांना नखंसुद्धा दिसत, असं म्हणतात. पण बाई भारी तोऱ्याची. "माझ्या दारातून कुणी रिकाम्या हातानं गेलेलं नाही," हे येता-जाता ऐकवायची. आणि तोवर ते खरंही होतं.

एका वर्षी थंडी अशी पडली की पोळ्यांतल्या मधमाश्या गारठून मेल्या आणि मेण जेमतेम निघालं. जत्रेच्या दिवशी दुपारीच तिची कढई कोरडी पडली, अन् दारात ही रांग. बाहेर यायचं आणि सांगायचं, बाबांनो, मेण संपलं. त्यात काय जीभ झिजणार होती? पण तेवढंच तिला जमेना. लोक मिरवणुकीला गेले होते आणि चर्चमध्ये चिटपाखरू नव्हतं. ती मागच्या वाटेनं टेकडी चढली, त्याच सकाळी टांगलेले दहा-बारा अवयव तिनं ओच्यात भरले आणि खाली आणून वितळवले. रांगेतल्या प्रत्येकाला हवं ते मिळालं. लोकांनी तिला दुवा दिला, आणि तिनं तो खुशाल घेतलाही.

आता तिसरं नाव घ्यावंच लागतंय, काय करणार. अगाता नावाची एक बाई तीन दिवस पायी चालून आली होती. तिची चार वर्षांची पोर डाव्या पायावर उभी राहत नव्हती. सकाळी तिनं अपोलोनियाकडूनच एक छोटासा डावा पाय घेऊन टांगला होता. निघताना तो एकदा डोळे भरून बघावा म्हणून ती चर्चमध्ये गेली, तर दोरीला पाय नाही.

ती खाली आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. अपोलोनियाच्या दाराशी थांबून म्हणाली, "मावशी, तुम्ही पाय सुरेख केला होता हो. माउलीनंच घेतला नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार."

अपोलोनियानं तोंड उघडलं. शेजारपाजारचे ऐकत होते. तिनं तोंड मिटलं.

"सावकाश जा हं," एवढंच ती म्हणाली. आणि अगाता गेली.

त्या दिवसापासून लाज तिला खायला उठली. कुणाच्या नजरेला नजर देववेना. आणि मग ते घडलं, असं म्हणतात. नवं मेण आल्यावर तिनं साच्यात हात ओतला, तर उघडल्यावर निघाला पाय. डोळे ओतले, पाय निघाला. साधी मेणबत्ती ओतली तरी पायच. छोटासा, डावा, नखांसकट. फळी पायांनी भरून गेली. शेजारीण डोकावली तर हिनं फळीवर चादर टाकली. लाज होती, पण अजून ती झाकण्याचीच.

शेवटी एका रविवारी तिला असह्य झालं. प्रार्थना संपल्यावर ती सगळ्या गावासमोर उभी राहिली आणि सांगून मोकळी झाली. वाटलं होतं, लोक छी-थू करतील. कुणी चकार शब्द काढला नाही. कसा काढणार? रिकामी दोरी घंटा वाजवणाऱ्यानं पाहिली होती, कढई पुन्हा भरलेली शेजारणीनं पाहिली होती, आणि जत्रेचं नाव खराब नको म्हणून सगळेच मूग गिळून बसले होते. सगळं गाव मान खाली घालून घरी गेलं.

अपोलोनियानं एक पाय फडक्यात गुंडाळला आणि ती वाट धरून निघाली. अगाताचं गाव कोणतं, हेही तिनं विचारलं नव्हतं. म्हणून प्रत्येक दारात तेच म्हणावं लागायचं, "तुमच्याकडे पायानं अधू पोर आहे का? तिचा नवस मी वितळवला." कुणी दार लावून घेतलं, कुणी अंगावर कुत्रं सोडलं. भर उन्हातही तो मेणाचा पाय मऊसुद्धा पडला नाही, असं म्हणतात. पानं गळाली, बर्फ पडायला लागलं, तेव्हा कुठं एका दारात अगाता उभी दिसली.

अगातानं सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "मी रोज बदकाची चरबी चोळून तिला उभी करायचे. जत्रेहून आले आणि सोडून दिलं. माउलीनंच नको म्हटल्यावर पोरीचे हाल कशाला, असं वाटलं." मग तिनं विचारलं, "मावशी, त्या दिवशी का नाही बोललात?"

"लाज वाटली," अपोलोनिया म्हणाली.

"चार महिने मला लाज वाटतेय," अगाता म्हणाली. "काही न करता."

अपोलोनियानं फडकं सोडून पाय पुढं केला. अगातानं तिच्या हातून तो पाय घेतला, स्वतःच्या चुलीवर वितळवला, चरबीत कालवला आणि पोरीचा पाय चोळायला बसली. बऱ्याच वेळानं तिनं जरा सरकून अपोलोनियालाही जागा दिली. हिवाळाभर दोघी आळीपाळीनं चोळत राहिल्या, आणि ते मेण काही संपलं नाही, असं म्हणतात. पुढच्या जत्रेला पोर काठी टेकत टेकडी चढली.

यास्नोलिप्याला अजून जत्रा भरते. दुसऱ्या दिवशी यात्रेकरू परतायला लागले की गावातले सगळे लहानथोर वेशीवर टोप्या काढून उभे राहतात आणि एकेकाला विचारतात, "अपोलोनियाच्या नावानं सांगा, आमच्याकडून काही चुकलं का?" जे कानावर येईल ते ऐकायचं, उलट बोलायचं नाही. कुणी सांगतं सूप खारट होतं, कुणी सांगतं गादीत ढेकूण होते. त्यांना वाटेला लावतात. पण एखादा यात्रेकरू ओशाळून म्हणाला, तुमचं काही नाही हो, आमचंच चुकलं असेल, तर त्याला मात्र जाऊ देत नाहीत. खाली बसवतात, पाणी देतात, आणि पुन्हा विचारतात.