गादीला नमस्कार

“तिच्या पाया का पडलात, आक्का?”

आक्कांनी मान वर केली नाही. त्यांच्या मांडीवर उत्सवातले सुकलेले हार होते. फुलं ओढून टोपलीत टाकायची आणि दोरा बाजूला ठेवायचा, असं त्यांचं काम सावकाश चाललं होतं.

“कोणाच्या गं?”

“रेणूच्या. काल.”

“हं...”

एवढंच. मग पुन्हा झेंडूच्या पाकळ्या.

विभावरी सभामंडपाच्या खांबाला टेकून उभी होती. बसली नव्हती. बसलं की प्रश्न मवाळ होतो, असं तिला वाटत असावं. रात्रभर तिने तो प्रश्न घोळवला होता. आधी त्यात तक्रार होती, मग ती काढून टाकली. मग नम्रपणा घातला, तोही काढून टाकला. शेवटी उरला तो एवढाच.

कृष्णाकाठच्या या देवळात आक्का आयुष्यभर कीर्तन करत आल्या. आता दम पुरत नाही. दोन ओव्या म्हटल्या की छाती भात्यासारखी होते. यंदा त्या श्रोत्यांत बसल्या आणि उत्सवात आपल्या दोन्ही शिष्यांना उभं केलं. पहिल्या दिवशी विभावरी, शेवटच्या दिवशी रेणू. पुढच्या वर्षापासून गादी कायमची कोणाची, ते देवस्थानच्या मंडळींना आज संध्याकाळी सांगायचं होतं. नाव आक्कांनीच द्यायचं होतं.

गादी म्हणजे तरी काय, लाल काठाची एक जुनी घोंगडी. तिच्यावर उभं राहून कीर्तन करायचं. कीर्तन संपलं की श्रोते पुढे येतात आणि कीर्तनकाराच्या पाया पडतात. तिथे वय बघत नाहीत. सत्तरीचे आजोबा नातीएवढ्या मुलीपुढे वाकतात, कारण नमस्कार मुलीला नसतो, गादीला असतो. विभावरीला हे काही नवीन नव्हतं. कीर्तनात तिने स्वतःच ते लोकांना किती छान समजावून सांगितलं होतं.

तरीही काल रेणूचं कीर्तन संपलं, आक्का उठल्या, गुडघ्यावर हात देत पुढे गेल्या आणि रेणूच्या पायांवर डोकं ठेवलं... तेव्हा विभावरीच्या टाळ्या मध्येच थांबल्या. रेणू इतकी दचकली की तिच्या हातातल्या चिपळ्या खाली पडल्या. सगळे हसले.

विभावरीला हसू आलं नाही.

“आक्का, तिचं कीर्तन तुम्ही ऐकलंत ना?”

“ऐकलं की.”

“ती राजाचं नाव विसरली. आख्यान ज्याच्यावर चाललंय, त्याचंच. पेटीवाल्या काकांना खालून सांगावं लागलं.”

“हो.”

“वरच्या सुराला आवाज फाटला.”

“फाटला.”

“मग?”

“मग ती म्हणाली, ‘फाटला, माफ करा’, आणि खालून म्हणायला लागली.” आक्का किंचित हसल्या. “मला माझी आठवण झाली. माझाही फाटायचा. मी मात्र खोकल्याचं सोंग करायची.”

विभावरीला हे उत्तर वाटलं नाही. ती आता बोलत सुटली. आपलं कीर्तन कसं झालं होतं, ते तिने आक्कांनाच सांगितलं. जणू आक्का तिथे नव्हत्याच. विषय होता गर्व. त्यासाठी ती कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसली होती. जग अज्ञानाच्या अंधारात आहे म्हणून भर दिवसा मशाल पेटवून हिंडणारा पंडित त्या कीर्तनात होता. आपल्या स्तुतीच्या कवनात दुसऱ्या कोणाचं नाव खपवून न घेणारा राजा होता. पार आजपर्यंत येऊन तिने एक लेखकही रंगवला होता. सत्काराच्या भाषणात आपलं नाव किती वेळा आलं, ते तो शालीखाली बोटांवर मोजतो. त्या लेखकावर लोक पोट धरून हसले. काहीजण तर हसता हसता शेजारच्याकडे बघत होते.

“सगळे गर्विष्ठ आले त्यात,” आक्का म्हणाल्या.

“हो ना?”

“एक सोडून.”

विभावरी जरा थांबली. कोण राहिलं, ते तिने मनातल्या मनात चाचपून पाहिलं. पुराणातला कोणी तिला आठवेना.

मग तिने तो विषय सोडला आणि ज्यासाठी आली होती, ते बोलली. आवाज मात्र जितका शांत ठेवायचा होता, तितका राहिला नाही.

“माझ्या पाया नाही पडलात तुम्ही.”

आक्कांचे हात थांबले.

“पडले की.”

“नाही, आक्का.”

“पडले, बाई. तुझं झालं, आरती झाली, मग पडले.”

“मला आठवलं असतं. गुरू आपल्या पाया पडले, हे कोणी विसरेल का?”

“विसरायला आधी दिसावं लागतं...” आक्का पुटपुटल्या आणि दोऱ्याची गाठ नखाने सोडवू लागल्या. “तुझ्या त्या फोनात असेल बघ. पोरांनी सगळं टिपलंय म्हणे.”

असायलाच हवं होतं. तो व्हिडिओ गावाबाहेरही पोहोचला होता. पुण्याहून, नागपूरहून, कुठून कुठून लोकांनी खाली शाबासकी लिहिली होती. विभावरीला तो पाठ होता. कुठे टाळी पडते, कुठे कोणाचं मूल रडतं, कुठे आपल्या कपाळावर बट येते आणि आपण ती मान वळवून मागे टाकतो... सगळं पाठ. झोपण्याआधी एकदा आणि उठल्यावर एकदा, असा तिचा नेमच झाला होता. त्यात आक्का पाया पडताना असत्या तर तिला दिसल्या नसत्या?

“दाखवतेच,” ती म्हणाली आणि पहिल्यांदाच आक्कांशेजारी बसली.

तिने शेवट काढला. आरती झाली. मंडळींनी तिच्या खांद्यावर शाल घातली. कोणीतरी म्हणालं, “ताई, इकडे बघा.” फोनमधल्या विभावरीने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि हसली. हे हसू तिला फार आवडायचं. ना जास्त, ना कमी. ते आलं की ती व्हिडिओ थांबवायची. फोन उघडला की समोर येणारं चित्रही तेच होतं.

“बघा. कुठे आहात तुम्ही?”

“खाली बघ.”

विभावरीने खाली पाहिलं.

चौकटीच्या तळाला, शालीच्या टोकाखाली, पांढऱ्या केसांचा एक अंबाडा होता. एक हात जमिनीवर टेकलेला. मग कपाळ हळूहळू खाली आलं आणि तिच्या पायांच्या बोटांना लागलं. तिथेच राहिलं. बराच वेळ राहिलं. वरची विभावरी तेवढ्यात शालीची घडी नीट करत होती.

मग आक्का उठू लागल्या. आधारासाठी त्यांनी हात वर केला. तो विभावरीच्या गुडघ्याजवळ अधांतरी थांबला. थोडा हललाही. विभावरी कॅमेऱ्याकडे बघत होती. शेवटी बाजूने दुसरे दोन हात आले आणि त्यांनी आक्कांना उठवलं. चेहरा दिसत नव्हता, पण हिरव्या बांगड्या रेणूच्या होत्या.

देवळातली घंटा कोणीतरी जोरात वाजवली. विभावरी एवढी दचकली की फोन पाकळ्यांत पडला.

तिने तो उचलला. पुसला. पुन्हा मागे नेला. पुन्हा पाहिलं.

अशा वेळी माणसाला आधी लाज वाटेल, असं आपण धरून चालतो. विभावरीला आधी आनंद झाला. आक्का वाकल्या होत्या... आपल्यापुढेही वाकल्या होत्या. तिने आणखी एकदा पाहिलं, आणि कालच्या रेणूच्या वेळचं डोळ्यांसमोर आणून मनातल्या मनात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं.

“आक्का...”

“काय?”

“माझ्या वेळी तुम्ही जास्त वेळ वाकला होतात.”

“गुडघा अडकला होता.”

विभावरीचे कान तापले. तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. बाहेर घाटावर कोणी बाई धुणं आपटत होती, त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

मग मात्र लाज आली. उशिरा आली, पण पुरेपूर आली. ती म्हणाली की तिला खरंच दिसलं नव्हतं. आक्का म्हणाल्या, हो. ती म्हणाली, इतक्यांदा पाहूनही दिसलं नाही. आक्का म्हणाल्या, होतं असं. ती म्हणाली, तुम्ही सांगायचंत तरी. आक्कांनी पुढचा हार ओढला.

पाकळ्यांचा ढीग वाढला होता. विभावरीनेही एक हार ओढून घेतला आणि फुलं काढू लागली. ती धसमुसळेपणाने ओढायची आणि दोरा तुटायचा. आक्का बघून न बघितल्यासारखं करत होत्या.

“आक्का, एक विचारू?”

“गादीचं ना?”

विभावरीने मान हलवली. आता विचारायला तोंड नव्हतं. पण विचारल्याशिवाय घरीही जाता येत नव्हतं. घरी सगळे हेच विचारणार होते. लहानपणापासून तिने दुसरं काही मागितलंच नव्हतं. मैत्रिणी नोकऱ्यांना लागल्या, तेव्हा ती आख्यानं पाठ करत होती.

“संध्याकाळी मंडळी येतील...” ती म्हणाली.

“सकाळीच येऊन गेली. मी नाव दिलं.”

“कोणाचं?”

“तुझं.”

विभावरीला पटकन कळलंच नाही. तिने आक्कांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

“माझं?”

“तुझा आवाज टिकणारा आहे. पाठांतर आहे. माणसं तासभर हलत नाहीत. गादीला ते लागतं.”

विभावरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने आक्कांचे पाय धरले आणि या वेळी नीट खाली बघून धरले. त्या टाचांना पडलेल्या भेगा तिने आजवर पाहिल्या नव्हत्या. ती म्हणाली की ती गादीला शोभेल असं वागेल. आक्का म्हणाल्या, बघू. ती म्हणाली की रेणूलाही ती सांभाळून घेईल, शिकवेल, तिला वाईट वाटू देणार नाही.

“तिला ठाऊक आहे,” आक्का म्हणाल्या. “मंडळी यायच्या आधी ती आली होती.”

“कशाला?”

“म्हणाली, ‘गादीवर विभाताईंनाच उभं करा. मी मागे टाळ घेऊन उभी राहीन. कीर्तन झालं की ताईंच्या पाया पहिली मी पडेन.’”

“तुम्ही तिला विचारलं होतंत?”

“नाही गं. आपण होऊन आली. आंघोळ करून, ओल्या केसांनीच.”

विभावरीचा हात फुलांत तसाच राहिला.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार... मला बोलवेना. जवळ घेतलं तिला.”

आक्कांनी पुन्हा हार हातात घेतला.

आक्कांनी विभावरीला सुरावर आणलं होतं, तालावर आणलं होतं, चुकली की मांडीवर चापट मारली होती, बरं म्हटलं की मान डोलावली होती. जवळ मात्र कधी घेतलं नव्हतं. ते त्यांच्या स्वभावात नाही, असं विभावरीने स्वतःला समजावलं होतं, आणि ते तिला पटलंही होतं.

आत्ताच मिळालेली गादी तिच्या मनात एकदम लहान झाली. एक जुनी घोंगडी, लाल काठाची. खरं काय ते सकाळीच दुसरीला देऊन झालं होतं.

ओल्या केसांनी आली... विभावरीला ते चित्र दिसू लागलं आणि पुसता येईना. रेणूने काय मोठं केलं? सोडून दिलं. सोडणं काय, कोणालाही जमतं. आपल्याला सुचलं असतं तर आपणही... आपण तर जास्त सोडलं असतं. रेणूकडे सोडायला होतंच काय?

तिने हातातला हार खाली ठेवला. पदराने डोळे पुसले. उठून आक्कांसमोर आली, गुडघ्यांवर बसली, हात जोडले.

“आक्का, मी मंडळींना जाऊन सांगते,” ती म्हणाली. आवाज थरथरत होता, आणि त्यात सोंग नव्हतं. “गादी मला नको. रेणूच उभी राहू दे. टाळ मी घेते. कीर्तन झालं की तिच्या पाया पहिली मी पडेन. सगळ्यांदेखत.”

आक्कांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. बोटांना चिकटलेल्या पाकळ्या एकेक करून काढल्या.

विभावरी मान खाली घालून थांबली होती. पण डोळे आक्कांच्या हातांवर होते... ते पुढे येतात का, म्हणून.

हात मांडीवरच राहिले.

आक्का तिच्याकडे बघत राहिल्या. न रागावता, न हसता.

“म्हणजे आता वाकणंही तुलाच हवं.”