मागच्या भिंतीकडची संथा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलांनो ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच लक्ष देऊन ऐका. डोंगरांआडच्या एका राज्यात जुनी काव्ये फक्त मुलगे शिकत. एका पंडिताच्या मुलीने ती दाराआडून ऐकून पाठ केली आणि मोठेपणी मुलींची पहिली शाळा काढली. लोकांनी नावे ठेवली. बाई हट्टी होत्या. केस पिकेपर्यंत शिकवत राहिल्या, तेव्हा कुठे चाळीस मुली जमल्या.

संथेची रीत ठरलेली. गुरूने ओळ एकदा म्हणायची, शिष्यांनी दोनदा. एका दुपारी मुलींचे दोनदा म्हणून झाले आणि मागच्या भिंतीकडून तीच ओळ तिसऱ्यांदा आली. आवाज बायकांचे होते, थकलेले, अडखळणारे. तिथे कोणीच नव्हते. मग रोज दुपारी तसेच होऊ लागले.

“बाई, त्या कोण आहेत?” एका मुलीने हळूच विचारले.

“ज्यांना कधी कोणी शिकवलं नाही, त्या,” बाई म्हणाल्या. “भीती मलाही वाटते गं. पण उच्चार सुधारतायत त्यांचे.”

गावभर बोभाटा झाला. राजाचा प्रधान कुलूप घेऊनच आला.

“त्यांना हाकला, नाहीतर शाळा बंद,” तो म्हणाला.

सारा जन्म बाईंनी या शाळेत घातला होता. तरी त्या म्हणाल्या, “शिकायला आलेलीला मी उठवत नाही. आजचा पाठ होऊ द्या, मग लावा कुलूप.”

बाईंनी ओळ म्हटली. मुलींनी ती दोनदा म्हटली. भिंतीकडून या वेळी एकाच म्हातारीचा आवाज आला, अर्ध्यावर अडला आणि खोकला.

“पुढं काय रे?” त्या आवाजाने विचारले.

प्रधान पांढराफटक पडला. लहानपणी तो पाठ करायचा, तेव्हा चुलीपाशी बसलेली आई असेच विचारायची, आणि तो म्हणायचा, “तुला काय करायचंय?” तिला जाऊन वीस वर्षे झाली होती.

तो मटकन खाली बसला. रडत रडत त्याने उरलेली ओळ सांगितली, एकेक शब्द, सावकाश. भिंतीकडून ती पुरी म्हटली गेली. त्यानंतर तो खोकला कोणालाही ऐकू आला नाही.

कुलूप आले तसे परत गेले. दुसऱ्या दिवशी प्रधानाने आपल्या दोन्ही लेकी शाळेत आणून बसवल्या.

तात्पर्य : शिकू पाहणाऱ्याला कधी उडवून लावू नये, राहिलेला पाठ मेल्यावरही सुटत नाही.