जिवाक्काने ओलांडलेली रेषा

एका राज्यात घडलेली ही हकिकत शंभर टक्के खरी आहे. सांगणाऱ्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे पाहिली नाही, तेव्हा त्याचा जन्मच झाला नव्हता. पण ज्याने पाहिली त्याच्या तोंडून ऐकली. तोही पुष्कळ थापा मारी, ही गोष्ट निराळी.

तर त्या राज्यात राजा होता नावाला. कारभार चाले सभेच्या कौलाने. सभेत दोन ओळी, उजवी आणि डावी, मधोमध काळ्या दगडाची रेषा. उजवीकडे एक माणूस जास्त, म्हणून उजवीकडचा मेघबंध प्रधान झालेला. हा मेघबंध जादूगार. त्याने राज्यातली नदी एका तांब्याच्या गडूत कोंडली होती. आपल्या ओळीतल्या सभासदांच्या मुलखाला तो पाणी सोडी, बाकीच्यांना धूळ.

उजव्या ओळीत उंबरखोऱ्याची जिवाक्का बसे. तिच्या मुलखात पाणी खळाळत होतं. पण बांधापलीकडच्या बाया कोरड्या घागरी घेऊन येत, आणि जिवाक्काला घास गिळवेना. रेषा ओलांडावी, तर पहिल्या राजाचा शाप: ओलांडेल तो दगड होईल. सोन्याच्या लोभाने गेलेले कितीतरी सभासद तिथेच शिळा होऊन उभे होते.

सभेचा चोपदार एक म्हातारा धनेश पक्षी होता. जिवाक्काने त्याला विचारलं, "चोपदार, जिवंत कसं जावं?"

"तीन कामं कर," धनेश म्हणाला. "या ओळीने दिलेलं इथेच ठेव. लोकांनी दिलेलं लोकांना परत कर. मग कुठे जाणार ते तोंडावर सांगून पुन्हा माग. हे सगळे आसन काखोटीला मारून पळाले, म्हणून दगड झाले."

जिवाक्काने प्रधानाचा जरीचा शेला उतरवला. शेला मंतरलेला, खांद्याची कातडी सोलून निघाला.

मेघबंध हसला. "अक्का, घरी पोचाल तेव्हा विहिरीत पाणी नसेल."

"ठाऊक आहे, प्रधानजी."

सभासदाचं आसन म्हणजे घोंगडी. मुलखातल्या दर घरच्या एकेका धाग्याने विणलेली. जिवाक्काने ती उसवली आणि दारोदार जाऊन ज्याचा धागा त्याच्या हातात ठेवला. विहिरी खरंच आटल्या होत्या. लोकांनी तिला चावडीवर घेरलं.

"आमच्या घागरी भरत होत्या," कोंडाई कडाडली, "तुला काय खुपत होतं गं?"

"शेजारणीची रिकामी घागर."

"मोठी आली शेजारणीची! आणि दगड झालीस तर?"

"तर दुसरं कुणी पाठवा. मी डावीकडे जाणार, कोंडाई. धागा देणार असशील तर हे ऐकून दे."

कोंडाई तिच्या सोललेल्या खांद्याकडे बघत राहिली. मग कमरेची गाठ सोडून तिने धागा पुढे केला. "घे. लांब ठेवलाय. भलतंसलतं वागलीस तर इथून ओढून घेईन."

तिच्यामागे एकेक हात पुढे आला. काही आलेच नाहीत. घोंगडी विणली गेली, जरा विरळ.

भरल्या सभेत जिवाक्का ती खांद्यावर टाकून रेषेपाशी आली. शिळांकडे तिने पाहिलं, आणि पाय उचलला. तो तसूभरही लटपटला नाही. पाऊल पलीकडे पडलं. ती हाडामांसाचीच राहिली.

डावीकडे आता एक माणूस जास्त झाला. मेघबंधाची जादू कौलावर चाले. कौल फिरताच गडू तडकला आणि नदी सभेच्या पायऱ्यांवरून धावत सुटली, सगळ्याच मुलखांकडे. रेषा कुणीतरी रीतीने ओलांडली, तसा शापही फिटला. शिळा पुन्हा माणसं झाल्या, आणि डोळे चोळत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सध्या सत्ता कुणाची?"

"तुमची नाही," धनेश म्हणाला. "घरी जा, धागे वाटा."

तेव्हापासून त्या राज्यात आसन उसवल्याशिवाय कुणी रेषा ओलांडत नाही.

यातला शब्द न् शब्द खरा. नदी खरी, धनेश खरा, शिळाही खऱ्या. पदरचं घातलंय ते एवढंच, की जिवाक्काचा पाय लटपटला नाही. लटपटला. घोंगडीसकट सगळी अक्का थरथरत होती. तरी तिने तो पुढेच टाकला.