खालचं त्याचं, वरचं आपलं

कोकणातल्या एका सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, काठाला एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा शास्त्री होता. नाव त्रिविक्रम. काशीहून तर्कशास्त्र शिकून आलेला. शिकलं की भोळेपणा जातो म्हणतात. याचा गेला नाही, उलट त्याला शास्त्राधार मिळाला. एवढं शिकूनही आपल्याला काही कळत नाही, एवढं मात्र त्याला पक्कं कळलं होतं. म्हणून कुणी काही सांगितलं की तो ते अक्षर न अक्षर घट्ट धरून ठेवी.

घराचं छप्पर गळत होतं. बायको द्वारकाबाई म्हणाली, "मागची टेकडी भाडेपट्ट्यानं द्या, कौलांची सोय होईल. पण घर तेवढं सांभाळा हो. सासूबाईंनी जाताना माझ्या पदरात घातलंय."

पहिल्यांदा आले शिकारी. त्यांचे म्होरके दळवीसाहेब. ते संस्थानी दिवस होते, शिकारीला कुणाची ना नव्हती.

"शास्त्रीबुवा, हंगामभर टेकडी आम्हाला द्या. काय काय मारायचं, तेवढं सांगा."

शास्त्री काळजीत पडला. पळणारं जनावर डुक्कर की भेकर, हे बिचाऱ्यांनी कसं ठरवायचं? तो म्हणाला, "चार पायांचं जे दिसेल ते तुमचं."

सगळ्यांत आधी दिसली घरचीच म्हैस. बंदूक बघून ती शेपूट हलवत जवळ आली. तिला गोळी घालायची साहेबांना लाज वाटली. दाव्याला धरून घेऊन गेले.

द्वारकाबाईनं पदर खोचला आणि अर्ध्या वाटेवरून म्हैस परत आणली. "अहो, आपलं काय ते आधी सांगावं! हे आमचं, ते आमचं, हात लावायचा नाही!"

"बरं," शास्त्री म्हणाला. "यापुढं तसंच सांगेन."

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. शास्त्री दारातच आडवा उभा राहिला. "पाट आमचा. तांब्या आमचा. हात लावायचा नाही."

"भावजी, मग मी बसू कुठं?"

"ते तुम्ही बघा. जमीनही आमचीच."

मेहुणा आल्या पावली परत गेला. द्वारकाबाईनं कपाळाला हात लावला. "अहो, दारी आलेल्याला असं बोलतात? मोकळ्या मनानं म्हणावं, आपलंच समजा, हवं ते घ्या, विचारू नका!"

"बरं. यापुढं तसंच म्हणेन."

मग आला रवळू खाणवाला. जांभ्या दगडाचे चिरे कापून विकायचा. "टेकडीत चिरा झकास आहे, शास्त्रीबुवा. पट्ट्यानं द्याल?"

"आपलंच समजा. हवं ते घ्या, विचारू नका."

रवळूनं विचारलं नाही. चिरे नेले, फणस नेले, मग फणसाची झाडंही नेली. एका झाडावर शिकाऱ्यांचं मचाण होतं, तेही नेलं. मचाणावर दळवीसाहेब बसले होते, त्यांना तेवढं उचलून बाजूला ठेवलं.

द्वारकाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, चिरेवाल्याला चिरेच द्यावेत! खालचं त्याचं, वरचं आपलं. वरच्या काडीला त्यानं हात लावायचा नाही, खालच्यात आपण पाय घालायचा नाही. मग तंटा कशाला होतोय?"

शास्त्र्याला हे फारच पटलं. काशीतसुद्धा इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

छपरावर नवी कौलं चढली. द्वारकाबाई माहेरी एका लग्नाला निघाली. जाताना पुन्हा बजावलं, "घर सांभाळा हो."

ती वळणाआड गेली आणि रवळू आला. "टेकडीतला चिरा संपला, शास्त्रीबुवा. पुढचा थर तुमच्या अंगणाखाली शिरलाय."

शास्त्री सावध झाला. आपल्या हातून पुन्हा चूक व्हायला नको. त्यानं बायकोचे शब्द आठवले, पुन्हा आठवले, आणि ठणकावून सांगितलं, "खालचं तुझं, वरचं आमचं. वरच्या काडीला हात लावायचा नाही."

"आणि तुळस?"

"ती वर आहे. म्हणजे आमची."

रवळूनं तुळस उचलून ओसरीवर ठेवली. गोठ्यातली म्हैस ओसरीवर बांधली. मग अंगण कापलं, परसदार कापलं, गोठ्याखालचं कापलं. माणूस देवभोळा. घराखालचा दगड तेवढा त्यानं राहू दिला.

द्वारकाबाई माहेराहून परतली. बैलगाडी कडेलाच थांबली, कारण पुढं खड्डाच होता. खड्ड्याच्या मधोमध दगडाचा उंच खांब. खांबावर घर. ओसरीवर तुळस, तुळशीशेजारी म्हैस, म्हशीशेजारी शास्त्री. खालपर्यंत एक शिडी.

"अगं, घर सांभाळलंय!" शास्त्री आनंदानं ओरडला. "एक काडी हलली नाही. छप्परही गळत नाही!"

"अहो, वाळलात किती! जेवलात का काही?"

"घरात होतं तोवर जेवलो."

"मग बसलात काय? शिडी आहे ना? उतरा खाली!"

"रोज उतरतो गं," शास्त्री कळवळून म्हणाला. "शेवटच्या पायरीवर उभा राहतो आणि परत वर येतो. खालच्यात पाय घालायचा नाही, तूच म्हणालीस ना?"