हिमशृंगावरची हाक

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता. त्याने हिमशृंगावरच्या मांत्रिकाचे माणिक लुबाडून आणले. मांत्रिकाने शाप दिला, "हे माणिक माझ्या तळ्यात परत पडेपर्यंत तुझ्या डोंगरांना बर्फ पेलवणार नाही." त्या हिवाळ्यापासून कड्यांवरून बर्फाचे लोट कोसळू लागले. गावेच्या गावे गाडली गेली.

राजा पस्तावला. युवराज सुकेतू स्वारांसह माणिक घेऊन निघाला, पण त्याला फार घाई होती. भर उन्हात, नुकत्याच पडलेल्या बर्फावर, त्याने सगळे स्वार एकदम घातले. कोणी परतले नाही.

मग त्याची धाकटी बहीण कुमुद्वती निघाली.

"मीही येते, वन्सं," युवराजाची पत्नी शशिलेखा म्हणाली. तिने अजून कुंकू पुसले नव्हते.

पायथ्याशी पिवळ्या चोचीचा डोंगरकावळा बसला होता. तो म्हणाला, "राजकन्ये, वर तीन उतार आहेत. युवराजांनाही मी सावध केले होते. त्यांनी ऐकले नाही."

"आम्ही ऐकू."

पहिल्या उतारावर वाऱ्याने बर्फाचे थर रचले होते. कुमुद्वतीने पाऊल टाकताच खालून धप्प असा पोकळ आवाज आला, आणि एक चीर सळसळत पुढे गेली. "मागे फिर!" पक्षी ओरडला. दोघी मागे फिरल्या आणि उघड्या खडकाच्या धारेवरून, लांबच्या वाटेने चढल्या.

दुसऱ्या उतारावर पक्षी म्हणाला, "एकीने जावे, दुसरीने पाहावे. एक गाडली गेली, तर उकरायला दुसरी हवी." शशिलेखा पुढे गेली. ती पलीकडच्या खडकाला टेकेपर्यंत कुमुद्वतीने पापणी हलवली नाही.

तिसऱ्या उतारापाशी पोचल्या, तेव्हा सूर्य माथ्यावर होता. वरून ओल्या बर्फाचे गोळे घरंगळत होते. उताराच्या मध्यावर बर्फातून एक हात वर आला होता, आणि त्याच्या मुठीतून माणकाचा लाल उजेड झिरपत होता.

तेवढ्यात हाक आली. "लेखा!"

शशिलेखा धावली. कुमुद्वतीने तिला कमरेला धरून खाली पाडले.

"सोडा, वन्सं! ते जिवंत आहेत!"

"वहिनी, आत्ता नाही. पहाटे बर्फ घट्ट होईल, तेव्हा जाऊ."

"पहाटेपर्यंत ते उरतील?"

कुमुद्वतीनेही ती हाक ओळखली होती. इतक्यात उताराची अलीकडची बाजू तुटली आणि गर्जत दरीत गेली. शशिलेखा धावणार होती ती हीच जागा. धुरळा बसला, तरी हाक येतच राहिली. दिवस कलला, तशी ती क्षीण झाली. मग थांबली. शशिलेखेने वन्संकडे पाहिले नाही.

उजाडता उजाडता, टणक बर्फावरून, एकीमागून एक त्या त्याच्यापाशी पोचल्या. सुकेतू लाकडासारखा थिजला होता.

"युवराज पहिल्याच दिवशी गेले," पक्षी म्हणाला. "हाक मारत होते ते माणिक. नवे बळी ओढायची त्याची रीत आहे."

मूठ उघडेना. शशिलेखेने आपल्या श्वासाने एकेक बोट उबवले, सोडवले, आणि माणिक नणंदेच्या हाती दिले. वर चढून कुमुद्वतीने ते मांत्रिकाच्या तळ्यात टाकले. सगळ्या डोंगरांवर बर्फ दबत गेल्याचा आवाज झाला, जणू कोणी फार दिवसांनी निःश्वास सोडला. शाप सरला.

सुकेतूला खाली आणून अग्नी दिला. अरिंजयाने मुकुट लेकीच्या डोक्यावर ठेवला. लोक डोंगरउतारावर पुन्हा घरे बांधू लागले.

एकदा बर्फ पडत असताना शशिलेखेने विचारले, "वन्सं, त्या हाकेबद्दल पक्षी खरे बोलला ना?"

"खरेच, वहिनी."

"तुम्हाला अगदी खात्री आहे?"

राणी कुमुद्वतीने आपली शाल काढली आणि वहिनीच्या खांद्यावर घातली.

बाहेर बर्फ पडत राहिला, आणि जिथे पडला तिथेच राहिला.