खंड्याचा निळा रंग

ज्या काळातील राजांची नावेही आता कुणाला आठवत नाहीत, त्या काळी नदीकाठी रंगाऱ्यांचे एक गाव होते. ज्याने कढई चढवली, त्यानेच ती उतरवावी, असा गावाचा नेम होता.

तेथे एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण राहत. बहिणीचे मन क्षणभरही एका जागी ठरत नसे. हळदीची कढई उकळत ठेवून ती डाळिंबाच्या साली वेचायला धावे. साली अर्ध्यावर टाकून दगडावर पाने घासून पाही. त्या धावपळीतूनच तिला नवनवे रंग सापडत, आणि ते पाहून दूरदूरचे व्यापारी त्यांच्या ओसरीवर येत. तिने विसरलेली कढई भाऊ निमूटपणे उतरवी.

"दादा, तू आहेस म्हणून मी पळते," ती हसून म्हणे.

शेजारी मात्र भावाला टोचून बोलत, "काय रे, रंग बहिणीचे, आणि धूर तेवढा तुझा?" ते बोलणे त्याच्या जिव्हारी लागले.

एकदा राणीच्या शालूचे रेशीम रंगवायला आले. बहिणीने कढई चढवली. इतक्यात नदीवर खंड्या पक्षी झेपावला.

"दादा, तो निळा बघ! तसा आपल्याकडे नाहीच!" असे म्हणत ती काठाकडे धावली.

कढईतले पाणी आटले. रेशीम तळाला लागल्याचा वास भावाला आला. पण तो उठला नाही. 'बसू दे एकदा चटका,' असे तो मनाशी म्हणाला.

बहीण ओंजळभर पाने घेऊन परतली, तेव्हा रेशमाचा काळा गोळा झाला होता. तिने भावाच्या कोरड्या हातांकडे पाहिले.

"तू इथेच होतास, दादा?"

तिने ओंजळीतली पाने चुलीत टाकली.

त्या दिवसापासून ती कढईपुढून हलली नाही. एकही कापड करपले नाही, आणि एकही नवा रंग निघाला नाही. तेच ते रंग पाहून कंटाळलेले व्यापारी दुसऱ्या गावांकडे वळले. ओसरीवर धूळ साचली.

पुष्कळ वर्षांनी नदीवर पुन्हा एक खंड्या झेपावला.

"अगं, बघ तरी! तुझा निळा!" भाऊ कळवळून ओरडला. "जा तू, कढई मी पाहतो!"

तिने मान वर केली नाही.

"पाणी आटेल, दादा," ती म्हणाली, आणि काठी फिरवत राहिली.

तात्पर्य : भिरभिरत्या मनाला शिक्षा करून एका जागी बसवता येते, पण ते जे शोधून आणणार असते, ते मग कुणालाच मिळत नाही.